‘रिव्हर्ट’ लिहिलं आणि जुनं ड्रॉइंग आलं

सीएनसी मशीनवरचा (संगणकावर चालणारं कटिंगचं यंत्र) कारीगर ड्रॉइंगचा कागद घेऊन वर आला. “बेन, होल चार करवाना के आठ?” ऑर्डरमध्ये आठ, कागदावर चार. ड्रॉइंगच्या माहितीच्या चौकटीत, टायटल ब्लॉकमध्ये, पाहिलं तर ‘रेव्ह 1’, म्हणजे आधीची आवृत्ती. आमचं सगळं बोलणं रेव्ह 2 वर चाललं होतं. मटेरियल अजून कापलं नव्हतं, एवढंच नशीब.

वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या, फ्लँज (पाइप जोडायच्या भोकांच्या चकत्या) बनवणाऱ्या एका युनिटमध्ये परदेशी पत्रव्यवहार माझ्याकडे आहे. इंग्लंडच्या ग्राहकाने चूक केली म्हणावं, तर आधी आपण काय लिहिलं ते बघावं. डिस्पॅचच्या मुलाने आदल्या दिवशी पाठवलेली मेल अशी होती: ‘डिअर सर, प्लीज रिव्हर्ट द ड्रॉइंग टुडे इटसेल्फ. काइंडली डू द नीडफुल. थँकिंग यू इन ॲंटिसिपेशन.’

“काकू, रिव्हर्ट म्हणजे उत्तर द्या ना?”

आपल्याकडे हो. बँकेपासून शाळेपर्यंत सगळे तसंच लिहितात. इंग्लंडमध्ये मात्र रिव्हर्ट म्हणजे पूर्वस्थितीला जाणं. त्या माणसाने सरळ अर्थ घेतला: यांना आधीचं ड्रॉइंग हवंय. आणि दिलं पाठवून. आम्हाला हवं होतं ते रेव्ह 2, आणि त्यात आम्ही सुचवलेल्या टॉलरन्सला, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाला, त्याचं हो किंवा नाही.

मुलगा उर्मट मुळीच नाही. त्याने ‘प्लीज’ घातलं, ‘काइंडली’ घातलं, आभारही मानले. तरी मेल हुकुमासारखी वाजते. कारण असं की आपला आदर क्रियापदात असतो. ‘पाठव’, ‘पाठवा’, ‘पाठवाल का’, ‘जरा पाठवता का’ यातल्या प्रत्येकाचं वजन वेगळं. गुजरातीत ‘मोकलजो ने’ म्हटलं की काम झालं. ‘कृपया’ आपण पाटीवर रंगवतो, घरात कोणी ‘कृपया मीठ दे’ म्हणत नाही. इंग्रजीत ‘सेंड’ हे साहेबाला आणि शिपायाला एकच. पुढे ‘प्लीज’ चिकटवलं तरी ती आज्ञाच राहते, समोरच्याला नाही म्हणायला जागा उरत नाही. ‘टुडे इटसेल्फ’ने तर दारही लावून घेतलं.

म्हणून तिथे विनंतीचा प्रश्न करायचा: ‘कुड यू प्लीज सेंड’. ‘कॅन’ चालतं, पण ‘कुड’ एक पाऊल मागे सरकतं. ते भूतकाळी रूप असल्याने मुलांना गोंधळायला होतं. खरं तर ही युक्ती आपलीच आहे. शेजारी दारात येऊन ‘एक काम होतं’ म्हणतो तेव्हा काम संपलेलं नसतं. ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड’ हे तेच. फक्त ते मोठ्या कामासाठी राखून ठेवावं, मुदत वाढवून मागायची असेल वगैरे. हरवलेली पीडीएफ मागायला इतकं वाकलं तर टोमणा वाटतो.

दुसरी मेल आम्ही दोघांनी बसून लिहिली: ‘थँक यू फॉर सेंडिंग द ड्रॉइंग सो क्विकली. आय ॲम सॉरी, माय मेसेज वॉज नॉट क्लिअर. वी नीड रिव्हिजन 2, विथ एट होल्स. कुड यू प्लीज कन्फर्म बाय 10 ए.एम. युवर टाइम ऑन थर्सडे व्हेदर द टॉलरन्स वी सजेस्टेड इज ॲक्सेप्टेबल? वी प्लॅन टू स्टार्ट मशिनिंग ऑन फ्रायडे.’

यात घाई आहेच, पण ‘ॲट द अर्लिएस्ट’ नाही. तारीख आणि कारण दिलं की घाई आपोआप कळते. चुकीचं का असेना, ड्रॉइंग त्याने तातडीने पाठवलं होतं, त्याचे आभार आधी. आभार मानताना कशाबद्दल ते सांगायचं आणि ‘फॉर’नंतर ‘सेंडिंग’ लिहायचं. ‘फॉर टू सेंड’ आठवड्यातून एकदा तरी मी खोडते. ‘थँक्स इन ॲडव्हान्स’ही मी काढून टाकते: त्याने हो म्हणण्याआधीच पावती फाडल्यासारखं होतं. आणि ‘आय वुड ॲप्रिशिएट इट इफ यू कुड’ यातलं ‘इट’ नेहमी गळतं. जुन्या कचेरीतलं ‘डू द नीडफुल’ इथे अजून टिकून आहे. तिकडच्या माणसाला त्यातून नेमकं काय करायचं तेच कळत नाही.

मेलनंतर फोनही केला. तिकडे उन्हाळी वेळ चालू होती, म्हणून आपल्या दुपारी दीडला त्यांचे नऊ. हिवाळ्यात अडीच वाजेपर्यंत थांबावं लागतं. मुलालाच बोलू दिलं, स्पीकर लावून. ड्रॉइंगचं नीट सांगितलं त्याने. मग पलीकडून आलं: “वुड यू माइंड सेंडिंग द थ्री पॉइंट वन सर्टिफिकेट अगेन?” म्हणजे मटेरियलच्या तपासणीचा दाखला.

“येस सर, येस येस.”

पलीकडे क्षणभर शांतता. ‘माइंड’ म्हणजे हरकत. तुमची हरकत आहे का, तर हो, हो, आहे! बहुतेक लोक सुरावरून समजून घेतात, पण त्या दिवशी आमचं एक समजून घेणं आधीच खर्ची पडलं होतं. मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पुढे सरकवलं आणि त्याने वाचलं, “नॉट ॲट ऑल सर, आय विल सेंड इट नाऊ.” त्यांनी थँक्स म्हटलं. “इट्स माय ड्यूटी” ओठांवर आलेलं मला दिसलं. मी मान हलवली. तेही आपल्याकडे नम्र, तिकडे मात्र ऐकणाऱ्याला वाटतं, नाइलाजाने केलं. “यू आर वेलकम” पुरलं.

गुरुवारी रेव्ह 2 आलं, आठ होलचं, टॉलरन्स मंजूर. मुलगा उत्तराचा मसुदा घेऊन उत्साहाने टेबलाशी आला. पहिलीच ओळ: ‘थँक यू फॉर रिव्हर्टिंग सो क्विकली.’

‘फॉर’पुढचं ‘इंग’ मात्र बरोबर होतं.