संशय केव्हा सुरू झाला?

आमच्या घरात संशयी म्हणून दोन माणसे ओळखली जात, थोरले काका आणि आजी. ‘घराण्यातच आहे’ असे म्हणून आम्ही दोघांना एकाच मापाने मोजले आणि त्यापायी आजीच्या आजाराकडे जवळजवळ दोन वर्षे कोणाचे लक्ष गेले नाही. ही चूक मला अजून सलते, म्हणून लिहीत आहे.

काका ऐन तारुण्यापासून तसे होते. आज प्रकृती चांगली दिसते, असे कोणी म्हटले तरी त्यात त्यांना टोमणा ऐकू येई. लग्नपत्रिकेत नाव खाली छापले गेले म्हणून चुलतभावाशी त्यांनी कायमचा अबोला धरला. आणि मनातले कोणाला सांगितले तर उद्या तेच आपल्यावर उलटेल, या धास्तीने ते सख्ख्या भावांशीही मोजकेच बोलत. मात्र नोकरी त्यांनी निवृत्तीपर्यंत चोख केली, बोलण्यात कधी असंबद्धता नव्हती आणि कसले आवाज किंवा भास त्यांना झाले नाहीत.

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2013 च्या डीएसएम-5 या निदानपुस्तिकेत पॅरानॉइड व्यक्तिमत्त्व विकाराची सात लक्षणे दिली आहेत. आधार नसताना इतर लोक आपल्याला फसवतील असे वाटणे, साध्या बोलण्यात अपमान शोधणे, डूख धरणे, जोडीदाराच्या निष्ठेवर विनाकारण शंका घेणे ही त्यांपैकी काही. किमान चार लक्षणे असावी लागतात आणि हा अविश्वास तरुण वयापासून, आयुष्याच्या अनेक अंगांत दिसावा लागतो. काका मानसोपचारतज्ज्ञांकडे कधीच गेले नाहीत, त्यामुळे त्यांना हे नाव देण्याचा मला अधिकार नाही. शिवाय वाटणीत त्यांच्यावर एकदा खरोखरच अन्याय झाला होता, आणि ज्या संशयाला आधार आहे तो आजार नव्हे.

बँकेचे कागद समोर ठेवले की काका नाइलाजाने का होईना, ‘या वेळी फसवले नसेल’ एवढे मान्य करीत. भ्रमविकारात असे सहसा घडत नाही. तिथे एखादी ठाम समजूत रुतून बसते आणि विरोधी पुरावाही कटाचाच भाग वाटू लागतो. स्किझोफ्रेनियात त्याच्या जोडीला भास आणि विचारांची विस्कळितता येऊ शकते. लोकांत मिसळण्याची भीती असणारा माणूसही दुरून संशयी भासतो, परंतु त्याला आपलेच हसे होईल अशी धास्ती असते; समोरच्याच्या मनात कपट आहे, असे तो धरून चालत नाही.

आजीचे सारेच वेगळे होते. पंचाहत्तरीपर्यंत शेजाऱ्यांच्या हाती घराची किल्ली देणारी ही बाई एकाएकी म्हणू लागली की कामवाल्या मावशी पाटल्या चोरतात. पाटल्या तांदळाच्या डब्यात सापडल्या. तिनेच ठेवल्या होत्या आणि ती विसरली होती. पुढे नेहमीच्या देवळाची वाटही तिला आठवेना, तेव्हा कुठे आम्ही डॉक्टरांकडे गेलो आणि स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, ‘हे केव्हापासून?’ उतारवयात नव्याने आलेला संशय स्वभावाच्या खाती टाकू नये, स्मरणशक्ती, श्रवण आणि चालू औषधे आधी तपासावीत, असे त्यांनी निक्षून सांगितले.

त्या संध्याकाळी मी मावशींच्या घरी जाऊन त्यांची क्षमा मागितली.