किल्टखालच्या मोज्यांवरचे शंकरपाळे : दुसऱ्या जोडीची नोंद

काल रात्री उजव्या मोज्याची टाच वळवून झाली. डावा मोजा तीन आठवड्यांपूर्वीच पूर्ण होऊन खुर्चीच्या पाठीवर टांगलेला आहे. आता फक्त उजव्याचं पाऊल उरलंय. सगळं ताजं आहे तोवर कुठे काय चुकलं आणि कसं सुधारलं ते लिहून ठेवतो. किल्टसोबत (स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा घागरा) नक्षीचे मोजे घालायचं मनात असणाऱ्या कुणालाही त्याचा उपयोग होईल.

माझा किल्ट ब्लॅक वॉच टार्टनचा (टार्टन म्हणजे ठरावीक रंगांच्या चौकड्यांचं लोकरी कापड) : काळा, गडद निळा आणि गडद हिरवा. कुठल्याही क्लॅनशी, म्हणजे स्कॉटिश कुळाशी, नातं नसलेल्या माणसालाही हा टार्टन घालता येतो, म्हणून एडिंबराला आल्यावर तोच घेतला. पहिली दोन वर्षं त्यावर पांढरे मोजे घातले, कारण लग्नाच्या भाड्याच्या पोशाखात तेच मिळतात आणि सगळे तेच घालतात. पण फोटो पाहिला की नजर थेट पोटऱ्यांवर जायची. निऱ्या, कमरेची स्पॉरन पिशवी, जॅकेट सगळं बाजूला राहायचं. जुन्या रीतीत संध्याकाळच्या औपचारिक पोशाखासोबत चौकड्यांचे किंवा टार्टनचेच मोजे असायचे, आणि ते का, हे पांढऱ्या मोज्यांतले स्वतःचे पाय पाहिल्यावर मला पटलं.

या मोज्यांवरचे शंकरपाळे आले कुठून, हे कळल्यापासून माझा विणण्याकडे पाहण्याचा दृष्टिकोनच बदलला. हायलंडमधले, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातले, जुने मोजे विणलेले नव्हते, ते टार्टनच्या कापडातून कापून शिवत. गेलिक भाषेत त्या कापडाला ‘काथ दाथ’ म्हणत. कापड सरळ कापलं तर ते पोटरीवर बसत नाही आणि घोट्यापाशी गोळा होतं, म्हणून ते उरेब कापायचे. आपल्याकडे ब्लाउजच्या गळ्याला उरेब पट्टी लावतात, त्यामागेही हेच कारण आहे : तिरपं कापड ताणलं जातं आणि गोलाईवर नीट बसतं. आणि उरेब कापलं की टार्टनचा चौकोन आपोआप कोपऱ्यावर उभा राहतो. म्हणजे शंकरपाळ्याचा आकार आधी मापातून आला, शोभा मागून आली. पुढे सुयांवर मोजे विणायला लागले तेव्हा लोकांनी तोच तिरपा चौकोन विणकामात उतरवला. आज जगभर त्याला अर्गाइल म्हणतात, तो अर्गाइल परगणा पश्चिम स्कॉटलंडमधला, कॅम्पबेल क्लॅनचा.

१७४६ च्या कायद्याने हायलंडच्या पुरुषांना आणि मुलांना हा पोशाख घालायला बंदी झाली आणि ती १७८२ पर्यंत टिकली. सैन्यातल्या हायलंड पलटणींना मात्र सूट होती. म्हणून मोज्यांच्या नक्षीची ठरावीक रंगजोडी पलटणींमध्ये टिकून राहिली : अर्गाइल अँड सदरलंड हायलंडर्सचे लाल-पांढरे चौकडे, कॅमेरॉन हायलंडर्सचे लाल-हिरवे, ब्लॅक वॉचचे लाल-काळे. माझा किल्ट ब्लॅक वॉच टार्टनचा असला तरी लाल-काळे मोजे मी विणणार नाही. टार्टन सगळ्यांसाठी आहे, पण ते मोजे पलटणीत चाकरी केलेल्यांचे आहेत. शेजारचे आजोबा सैन्यातून निवृत्त झालेत. मी त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी ‘घाल की’ म्हटलं, तरी मन तयार झालं नाही.

पहिल्या जोडीत दोन चुका झाल्या. एक रंगाची : हिरव्या जमिनीवर सायीच्या रंगाचे शंकरपाळे घेतले. पांढऱ्या मोज्यांची तक्रार होती तीच पुन्हा उभी राहिली. दुसरी मापाची : मी ८२ टाके घातले. माझ्या विणीत १० सेंटीमीटरमध्ये २८ टाके बसतात, म्हणजे मोजा झाला साधारण २९ सेंटीमीटर घेराचा, आणि पोटरी ३९ ची. मोजा चढला, पण शंकरपाळे फाकून आडवे झाले आणि ताणलेल्या टाक्यांतून आतले धागे दिसायला लागले. ती जोडी उसवली आणि लोकर धुऊन पुन्हा गुंडाळून ठेवली.

या वेळी पोटरीच्या घेरापेक्षा साधारण दहा टक्के कमी धरलं : ९८ टाके. त्यात २४ टाके रुंदीचे चार शंकरपाळे बसतात आणि शिवणीसाठी दोन टाके उरतात. दर दोन ओळींना कड एका टाक्याने सरकते, म्हणून एक शंकरपाळा ४८ ओळींचा होतो. दुमडीपासून (वरच्या उलटवलेल्या पट्टीपासून) टाचेपर्यंत बरोबर तीन बसले. हे गणित कागदावर जुळलं त्या रात्री मला झोप आली नाही.

जमीन शेवाळी हिरवी, शंकरपाळे गडद निळे, आणि त्यांवरून तिरपी जाणारी बारीक राखी रेघ. ही रेघ विणताना घेतली नाही, मोजा झाल्यावर बोथट सुईने टाक्यावर टाका चढवत काढली. विणणं दोन सुयांवर, सपाट, आणि शिवण मागे. प्रत्येक शंकरपाळ्याला आपलं रीळ, मधल्या जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला आपलं, त्यामुळे एका ओळीत नऊ रिळं लोंबकळतात. रंग बदलताना नवा धागा जुन्याखालून घेऊन पीळ द्यायला विसरलात तर तिथे भोक पडतं. रिळं मी जाड पुठ्ठ्याची कापली आणि धागा हातभरच सोडत गेलो, त्याने गुंता खूप कमी झाला.

घोट्याकडे येताना ९८ चे ६२ करायचे असतात. आधी मी टाके पायाच्या दोन्ही बाजूंना कमी केले, तर पुढचा शंकरपाळा वाकडा व्हायला लागला. ते उसवून सगळे टाके मागच्या शिवणीलगत कमी केले. मागचे कोपरे शिवणीत गडप होतात, पण नडगीवरचा शंकरपाळा वरपासून खालपर्यंत ओळंब्यात राहतो. समोरून पाहणाऱ्याला तोच दिसतो.

डाव्या मोज्यात दुमडीने मला सगळ्यात जास्त रडवलं. वरची नऊ सेंटीमीटरची पट्टी आधी विणतात, पण घालताना ती उलटून खाली येते. म्हणजे तिची सुलट बाजू पुढच्या नळीच्या उलट बाजूला हवी. मी एकाच बाजूने विणत गेलो आणि अकरा ओळी झाल्यावर दुमडून पाहिलं तर बाहेर सगळे धाग्यांचे शेपटे. साताऱ्याला आईला व्हिडिओवर दाखवलं. स्वेटरची कॉलर तिने आयुष्यभर विणलीय. ती म्हणाली, “अरे, पट्टी संपली की काम पालटून धर, आतली बाजू बाहेरची कर आणि मग पुढे जा. कॉलरचं हेच तर आहे.” अकरा ओळी उसवल्या.

दुमडीखाली सहा सेंटीमीटर दोन सुलट, दोन उलट विणलंय. बाहेरून ते दिसत नाही, पण मोजा वर धरणारी गार्टरची पट्टी तिथेच बसते. उजव्या मोज्यात खोचलेल्या स्गियन दू सुरीचं वजनही तिथेच पेललं जातं. ही वीण सैल असेल तर सुरीच्या बाजूचा मोजा तासाभरात खाली येतो.

किती वर घालायचा, हे आजोबांनी दाखवलं. दुमडीची वरची कड गुडघ्याच्या वाटीखाली तीन बोटं. किल्टची कड वाटीच्या मध्यावर. मधला गुडघा उघडा. गार्टरची रंगीत फीत दुमडीखालून पायाच्या बाहेरच्या बाजूला जेमतेम दोन इंच दिसावी. मी हिरवी घेतलीय. लाल घेऊन पाहिली, पण मोज्यांवरची राखी रेघ तिच्यापुढे मरते.

पावलावर नक्षी नको असं आधी ठरवलं होतं, बुटात कोण बघतं म्हणून. पण गिली ब्रोगला, म्हणजे किल्टसोबतच्या बुटाला, जीभ नसते, नाड्या थेट मोज्यावर बसून घोट्याभोवती गुंडाळल्या जातात, आणि पावलाचा वरचा भाग पूर्ण उघडा राहतो. म्हणून वर शंकरपाळा चालू ठेवलाय आणि तळवा साधा. टाच आणि चवड्यात नायलॉनचा धागा जोडून घेतलाय.

डावा मोजा किल्टसोबत घालून आरशासमोर उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदा नजर निऱ्यांवरून सुरू होऊन सावकाश खाली उतरली, मध्ये कुठे अडली नाही. उजव्याच्या पावलाच्या साठेक ओळी राहिल्यात. मग शिवण, राखी रेघ, कोमट पाण्यात भिजवून लाकडी साच्यावर वाळवणं. निळी लोकर एवढीशी उरलीय, ती चवड्यापर्यंत पुरेल की नाही हे आज रात्री वजन करून बघतो.