उंबर फोडून केंबरं

मे संपत आला की आमच्या सांगली-मिरज रस्त्यावर शाळांचे फलक लागतात. ‘बालकेंद्री’, ‘अनुभवातून शिक्षण’, ‘निसर्गाच्या सान्निध्यात’. फोटोत एक पोर कुंडीत रोप लावत असतं आणि मागे तीन बाई टाळ्या वाजवत उभ्या असतात. माझी पंचाईत अशी की आमच्या शाळेत काय चालतं असं कुणी विचारलं, तर माझ्याही तोंडात हेच शब्द येतात. त्यामुळे ते शब्द आज बाजूला ठेवते आणि गेल्या पावसाळ्यात तिसरीच्या वर्गात काय झालं तेवढं लिहिते.

शाळा म्हणजे भाड्याचं कौलारू घर. पहिली ते चौथी, मराठी माध्यम. मुलं आम्हाला ताई-दादा म्हणतात. अंगणात उंबर आहे. तो आम्ही लावलेला नाही, बहुतेक घरमालकांच्या आजोबांनीही नसावा. कुठल्या तरी पाखरानं आणून टाकलेला.

जूनच्या अखेरीला वर्गात बसूनच मुलांना सांगितलं, उंबराचं चित्र काढा. झाड खिडकीतून दिसत होतं, तरी बहुतेकांनी आंबा काढला. म्हणजे हिरवा गोल झुपका आणि फांद्यांच्या टोकाला देठानं लोंबणारी तांबडी फळं. चित्रं भिंतीवर लावली, चांगलं-वाईट काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी कागद आणि कोळशाच्या कांड्या घेऊन सगळे झाडाखाली बसलो. जरा वेळानं एक पोरगा आत पळत गेला, भिंतीवरचं आपलं चित्र बघून परत आला आणि म्हणाला, “ताई, हे झाड चुकलंय.”

उंबराची फळं खोडालाच येतात. जाड फांद्यांना आणि बुंध्याला, घोसानं. रोज त्याच झाडाखाली डबे खाणाऱ्या पोरांनी ते बघितलेलं नव्हतं. कोळसा घेऊन देठ काढायला गेलं की हात अडतो, कारण देठ कुठं चिकटलाय हे माहीतच नसतं. मग मान वर होते. म्हणून आमच्याकडे चित्रकला शनिवारच्या शेवटच्या तासाला ढकललेली नाही. ती आधी येते, परिसर अभ्यास मागनं येतो. मी पूर्वी ज्या शाळेत होते तिथे उलट होतं. पाठ शिकवून झाला की ‘आता याचं छान चित्र काढा’, आणि फळ्यावर बाईंनी काढलेल्या चित्राच्या चाळीस नकला.

त्या दिवशी प्रश्नांची यादी निघाली ती मोठ्या कागदावर लिहून दाराशी टांगली. फळं खोडाला का? खाली पडलेली एवढी का? पानांवर फोड कसले? आणि सगळ्यांत वर, दोनदा अधोरेखित: उंबराला फूल कधी येतं?

याचं उत्तर एकीच्या आजीकडे तयार होतं. उंबराचं फूल मध्यरात्री उमलतं, आणि ज्याला दिसतं तो राजा होतो. वर्गात दोन तट पडले. मी एवढंच विचारलं की खरं-खोटं कसं ठरवायचं. अर्थातच ठरलं, रात्री जाऊन बघायचं. संध्याकाळपासून माझा फोन वाजायला लागला. “ताई, पोरगं म्हणतंय राजा व्हायला जायचंय, तुम्ही सांगितलंय म्हणं.” शेवटी दोन वडील आणि एक मामा बॅटरी घेऊन पाचसहा मुलांसोबत दहा वाजेपर्यंत झाडाखाली उभे राहिले. फूल दिसलं नाही. वटवाघळं दिसली. सकाळी यादीत नवा प्रश्न आला: वाघळं उंबर खातात, मग बिया कुठं टाकतात? आणि झाड घरमालकांच्या आजोबांनी लावलं की नाही, याचाही निकाल तिथेच लागला.

मग फळ कापायची वेळ आली आणि मोठी अडचण उभी राहिली. एका मुलाचे आजोबा दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जाणारे. औदुंबराला पातं लावायचं नाही, असं त्यांनी नातवाकडून निरोपच पाठवला. आमच्या भागात हे हलक्यानं घेण्यासारखं नाही. एकीकडे वाडी, दुसरीकडे भिलवडीजवळचं औदुंबर. कृष्णाकाठचा माणूस या झाडाला पाय लागला तरी हात जोडतो. मी आजोबांना शाळेत बोलावलं. बराच वेळ मुलांचे कागद बघत बसले. म्हणाले, पडलेली फळं कापा. पण मुलांना कोवळीही हवी होती. तेव्हा त्यांनी तोडगा काढला: आधी नमस्कार करायचा, झाडाला सांगायचं, मग चार तोडायची, पाचवं नाही. पुढे मुलांनी ते काटेकोर पाळलं. हात जोडून “शाळेसाठी पाहिजेत” असं म्हणायची त्यांची पद्धत पडली.

त्याच बैठकीत आजोबांनी गुरुचरित्रातली गोष्ट सांगितली. हिरण्यकश्यपूला फाडल्यावर नरसिंहाच्या नखांची विषानं आग होऊ लागली, तेव्हा लक्ष्मीनं औदुंबराची फळं आणली आणि त्यांत नखं रोवून ती आग शमली. मुलं अगदी चूप. मग मागून आवाज (उंबरातल्या बारीक किड्यांना केंबरं म्हणतात): “आजोबा, मग नखांस्नी केंबरं चिकटली आसतील की!” आजोबाच सगळ्यांत आधी हसले, म्हणून निभावलं.

कापण्याचं काम मी केलं, बघण्याचं त्यांनी. हरभऱ्याएवढं, सुपारीएवढं, हिरवं टणक, पिकून मऊ झालेलं, अशी ओळीनं मांडली. भिंगं वर्गात चार, मुलं वीस, त्यामुळे मारामारी. कोवळ्या फळाच्या आत भिंतीला चिकटून बारीक दाण्यासारखं काहीतरी दाटीनं उभं होतं. ज्या मुलीच्या आजीनं मध्यरात्रीचं फूल सांगितलं होतं तीच बराच वेळ भिंग लावून बसली. मग म्हणाली, “ताई, ही फुलंच हायत. आत तोंड करून बसल्यात.”

ते वाक्य मला तीन आठवडे आधी सांगता आलं असतं. बालभारतीच्या पुस्तकाच्या भाषेत, एका ओळीत, आणि तास संपला असता. न सांगता गप्प बसणं हे या कामातलं सगळ्यांत दमवणारं काम आहे. लोकांना वाटतं मुलांना मोकळं सोडलं की झालं. मोकळं सोडायच्या आदल्या रात्री मी उंबरावर जेवढं वाचलं तेवढं बी.एड.ला वाचलं नव्हतं. कारण पोरं कुठल्या वाटेनं जातील ते आपल्या हातात नसतं, आणि प्रत्येक वाटेवर थोडं पुढे जाऊन ठेवावं लागतं.

केंबरांचं प्रकरण ऑगस्टमध्ये सुरू झालं. पिकायला आलेली फळं काचेच्या बरणीत ठेवून तोंडाला मलमल बांधली. सकाळी बरणीत बारीक काळसर माश्या, आणि एका फळाला टाचणीनं पाडावं तसं भोक. फळ कापलं तर आत फिकट पिवळट, बिनपंखांचे काही जीव, बरेचसे मेलेले. एका गटाच्या मते या मुंग्या, बाहेरून शिरलेल्या. दुसरा गट म्हणाला, बरणीला फडकं होतं, मुंगी येणार कुठनं? चित्रं काढली, पाय मोजले, भोकाच्या कडा भिंगाखाली बघितल्या. भुसा बाहेरच्या बाजूला पडला होता, म्हणजे पोखरणारा आत होता. हा शोध एका अबोल मुलाचा. वर्गात तो क्वचितच बोलतो, पण त्याच्या चित्रात भुशाचा ढीग होता आणि इतर कुणाच्याच चित्रात नव्हता.

इथे मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका ओळखीच्या सरांना बोलावलं. त्यांनी आधी मुलांची सगळी चित्रं बघून घेतली, मग सांगितलं. हिरव्या उंबराच्या शेंड्याशी बारीक तोंड असतं, त्यातून केंबराची मादी घुसते. वाट इतकी अरुंद की पंख तुटून पडतात. आत फुलांवर ती पराग सांडते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले नर आपापल्या फुलांतून आधी बाहेर येतात. त्यांना पंखच नसतात. ते माद्यांशी जुगतात, त्यांच्यासाठी भोक पाडतात आणि बहुतेक आतच संपतात. माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे जातात. बरणीत लांब शेपटीच्या काही माश्या होत्या त्या वेगळ्या जातीच्या, बाहेरूनच फळात सुई टोचून अंडी घालणाऱ्या. “फुकट्या,” असं एकीनं लगेच नाव ठेवलं. सर गेल्यावर मुलं तुटलेले पंख शोधत हिरव्या उंबरांची तोंडं भिंगानं तपासत बसली. दोन सापडले. एक वहीत चिकटवलाय, पण तो पंखच आहे की सालपट, यावर अजून एकमत नाही.

हे सगळं आम्ही काढलेलं खूळ नव्हे. १९८५ साली कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी कमला निंबकर बालभवन, १९९२ पासून पुण्यात अक्षरनंदन. त्याच्या कितीतरी आधी, १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या, सोबत अनुताई वाघ. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत काम. पोरं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर नेली, कुरणशाळा. या सगळ्या मराठीतल्या शाळा आणि वर्ग, बहुतेक साध्या जागेत. आज हीच गोष्ट लाखभर फी लावून इंग्रजीत विकली जाते तेव्हा मला राग येतो. तो राग इथेच सोडते.

“पण अभ्यास कधी घेता?” हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. पाढे आम्ही पाठ करून घेतो, ताल धरून, रोज. पाठांतराला नाक मुरडणारी बालकेंद्री मंडळी मला पटत नाहीत. बारा साते किती हे बोटावर मोजत बसणाऱ्या मुलाला पुढचा विचार करायला उसंत कुठून मिळणार? आणि गणिताला आमच्याकडे कृष्णेवरचा आयर्विन पूल आहे. जुलै-ऑगस्टात सांगलीत माणूस भेटला की पहिलं वाक्य “आयर्विनला किती फूट?” हेच. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. कोयना धरण १०५ टीएमसीचं, म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाण्याचं, हे दुसरीतल्या पोरालाही पाठ. २०१९ च्या महापुरात पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि आमच्या वर्गाच्या भिंतीवर त्याची रेघ अजून आहे, जमिनीपासून सव्वाचार फुटांवर. मुलांनी वजाबाकी केली: म्हणजे पुलापाशी ५३ फुटांच्या आसपास असताना पाणी वर्गात शिरलं असणार. गल्लीतल्या किराणा दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, छे, त्याच्या आधीच शिरलं. वजाबाकी तर बरोबर होती. मग चुकलं काय? नदीला उतार असतो, पाणी ओढ्यातून मागच्या बाजूनं येतं, दुकानदाराची आठवण पक्की नसेल, अशी तीन कारणं निघाली. एकाचाही निकाल लागलेला नाही.

मूल्यमापनाचं म्हणाल तर आकारिक (वर्षभर चालणारं), संकलित (सत्राअखेरचं) सगळं आम्हालाही आहेच. वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या शिक्षकांच्या ग्रुपवर फिरतात: ‘निसर्गात रमतो’, ‘चित्रे आवडीने काढते’. कुठल्याही मुलापुढे चिकटवा, बसतात. त्या अबोल मुलाच्या नोंदीत मी लिहिलं, ‘भोकाबाहेरचा भुसा याने पाहिला’. तपासायला आलेल्या साहेबांनी विचारलं, हा कुठल्या क्षमतेत बसतो? चहा होईपर्यंत मी त्यांना केंबरांची सगळी कथा सांगितली.

स्नेहसंमेलनात मुलांनी त्याचंच नाटक बसवलं. नाट्यपंढरीतली पोरं, हौस दांडगी. कृष्णाकाठच्या मातीचा भलामोठा अर्धा उंबर करायचं ठरलं, पण वाळताना त्याला तडे गेले. तिसरीतल्याच एका मुलीचे आजोबा कुंभार, बेंदराला बैल करतात. ते म्हणाले राख आणि लीद मिसळल्याशिवाय ही माती धरत नाही. तोपर्यंत उशीर झाला होता, म्हणून शेवटी सलाईनच्या खोक्यांचा उंबर केला. खरी भांडणं भूमिकांवरून झाली. नर व्हायला कुणी तयार होईना. “आम्ही भोक पाडायचं आणि बाहेर ह्या जाणार?” मग एकीनं सुचवलं की नरांनी मरताना गाणं म्हणायचं. तसं ठरल्यावर सहा जण तयार झाले आणि गाणं इतकं लांबलं की माद्यांना उडायला वेळच उरला नाही.

प्रयोग झाल्यावर दत्तभक्त आजोबा उठून म्हणाले, “म्हणजे आम्ही आजवर उंबरं खाल्ली, ती...” सगळी रंगमंचावरून एकदम ओरडली, “व्हय!”

आता ही मुलं चौथीत आहेत आणि अंजिरावर घसरली आहेत. सुक्या अंजिरात केंबरं असतात का? कुणीतरी आईच्या डब्यातलं अंजीर आणून चिरलं, नुसत्या बिया निघाल्या. आपल्याकडच्या अंजिराला फळ धरायला माशी लागत नाही, हे मला माहीत आहे आणि मी ते त्यांना सांगितलेलं नाही. पुरंदरच्या एका बागायतदारांना त्यांनी पोस्टकार्ड टाकलंय, अजून उत्तर नाही. सासवडकडच्या कुणा वाचकाची अंजिराची बाग असेल तर खाली कळवा. एक अट आहे: उत्तर सांगू नका, कोवळी फळं पाठवता येतील का तेवढं सांगा.