डब्ल्यू-३० आणि प्रॉडिजीचा आवाज

परवा एका तरुणानं रोलँड कंपनीचा डब्ल्यू-३० सॅम्पलर, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून हवे तसे वाजवणारं यंत्र, दुरुस्तीला आणला. टेबलावर ठेवतानाच त्यानं विचारलं, "काका, चालू झाला की प्रॉडिजीचा आवाज येईल ना?" प्रॉडिजी म्हणजे नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत करणारा ब्रिटिश बँड. आधीच्या दुकानानं त्याला 'बोर्ड गेलाय' असं सांगितलं होतं. यंत्र न उघडताच असं सांगून मोकळे होणारे या धंद्यात फार झालेत.

डब्ल्यू-३० ची सिस्टिम फ्लॉपीवरून चढते. ड्राइव्हनं वाचलं नाही, तर बाकी सगळं ठणठणीत असूनही यंत्र मेल्यासारखं पडून राहतं. इथंही फ्लॉपी वाचणाऱ्या हेडवर काजळीसारखा थर बसला होता. आयसोप्रोपिलनं हेड पुसलं, सरकदांड्यावरचं सुकलेलं ग्रीस काढून नवं लावलं आणि सिस्टिम चढली.

प्रश्नाचं उत्तर तोंडी देण्यात अर्थ नव्हता. त्याच्याच फोनमधला एक हिपहॉप ड्रमचा तुकडा मी आत घेतला. आवाजाची प्रत बारा बिट, ३० किलोहर्ट्झ, म्हणजे आजच्या मानानं ओबडधोबड, आणि सगळी मेमरी मिळून जेमतेम १४ सेकंद. ड्रम, बेस, माणसाचा आवाज, सगळं त्यातच बसवायचं. वेग आणि सूर वेगळे करण्याची सोयही नाही. मिनिटाला १०० ठोक्यांच्या लयीतला तुकडा १४० वर नेला की तो जवळजवळ सहा अर्धस्वर वर चढतो. स्नेअर ड्रमचा आवाज बारीक, ताठ आणि खरखरीत झाला. पोरगा खुर्चीतून उठलाच!

प्रॉडिजीचं संगीत रचणारा लियम हाऊलेट इंग्लंडच्या एसेक्समधल्या ब्रेनट्रीचा, मूळचा हिपहॉप डीजे. रेव्ह, म्हणजे रात्रभर नाचायच्या, पार्ट्यांत शिरला तरी त्यानं ड्रम हिपहॉपचेच ठेवले, आणि सुरुवातीचं काम याच यंत्रावर केलं. कीथ फ्लिंटनं त्याच्याकडे एक मिक्स कॅसेट मागितली होती. तिच्या दुसऱ्या बाजूला हाऊलेटनं स्वतः रचलेले तुकडे भरले होते. ते ऐकून फ्लिंट आणि लीरॉय थॉर्नहिल नाचायला तयार झाले. मॅक्सिम नावाचा गायक माइकवर आला. १९९४ मध्ये ब्रिटिश सरकारनं 'पुनरावृत्त ठेक्यां'च्या मेळाव्यांवर कायदा आणला, त्याच वर्षी यांचा दुसरा अल्बम गिटारसकट आला आणि तिथं पहिल्या क्रमांकावर गेला. १९९६ मध्ये नाचणाऱ्या फ्लिंटनं माइक हातात घेतला. १९९७ चा अल्बम ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिला आला. रॉकवाले सॅम्पलरला खेळणं समजायचे. प्रॉडिजीनं त्यांच्याच महोत्सवांत तो मुख्य मंचावर नेला. पुढे २००५ मध्ये पेंड्युलम या बँडनं त्यांचं एक जुनं गाणं ड्रम अँड बेस या वेगवान ठेक्याच्या शैलीत नव्यानं उभं केलं. ड्रम अँड बेस आणि रॉक एकत्र वाजवणाऱ्या त्या मंडळींच्या मागे प्रॉडिजी स्पष्ट ऐकू येते.

हे सगळं मी त्याला भरभरून सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "पण २००४ चा अल्बम तर हाऊलेटनं लॅपटॉपवर केला. मग मी हे विकून टाकू?"

त्याचं म्हणणं खरंच होतं. मी म्हटलं, इतकी वर्षं १४ सेकंदांत काटछाट केलेला माणूस लॅपटॉपवर बसला, तर ती काटछाट हातात घेऊनच बसतो. त्याला ते पटलेलं दिसलं नाही. बिल देऊन यंत्र घेऊन गेला.

तेव्हापासून तो अल्बम पुन्हा पुन्हा ऐकतोय. ठेका तोच आहे, कात्रीही तीच आहे. पण त्यात फ्लिंट नाही, मॅक्सिमही नाही. २००९ च्या अल्बमात दोघे परतले आणि माझ्या कानाला तिथं लगेच प्रॉडिजी ऐकू आली, डब्ल्यू-३० चा विचार मनात येण्याआधीच. आयुष्यभर यंत्रं दुरुस्त करणाऱ्याला हे मान्य करणं जड जातं. पोरानं पुन्हा विचारलं तर विकू नकोस असंच सांगेन, पण आधी नाचणारे दोन मित्र शोध म्हणेन.