जाळं कापलं दोन मिनिटांत, कागदाला चार महिने

कासव जाळ्यात अडकलं तर जाळं कापून त्याला सोडायचं आणि जाळ्याची भरपाई सरकारकडून घ्यायची, ही योजना आपल्याकडे महाराष्ट्रात 2018 च्या डिसेंबरपासून आहे. संरक्षित प्राणी असला पाहिजे, म्हणजे समुद्री कासव, व्हेल शार्क, डॉल्फिन वगैरे, आणि जास्तीत जास्त 25 हजार मिळतात. मत्स्यव्यवसाय विभाग आणि वनविभागाचा कांदळवन कक्ष मिळून चालवतात. ऐकून सगळ्यांना माहितीये पण आमच्या वाडीत पैसे खात्यात आलेले आम्ही पहिलेच, त्यामुळे रोज कोणीतरी विचारतं, म्हणून एकदाच लिहितो.

देवगडजवळ आमची छोटी फायबरची होडी आहे, गिलनेट, म्हणजे मासा कल्ल्याशी अडकतो ते पडद्यासारखं जाळं, मारतो. मारतो म्हणजे बाबा आणि काका, मी कणकवलीला नोकरीला, सुट्टीचा जातो. जानेवारीतली गोष्ट, पहाटे जाळं ओढताना जड लागलं, काका खूश, म्हणाला मोरी (छोटा शार्क) असतली. वर आलं ते ऑलिव्ह रिडले कासव, पुढच्या दोन्ही परांना दोऱ्याचे तीन-तीन वेढे.

आता खरं सांगतो, पूर्वी असं झालं की बाबा कापायचे नाहीत, सोडवत बसायचे. कासवावर राग नाही हो, देवळात उंबऱ्यापुढे त्यालाच हात लावून आत जातो आपण, पण जाळं म्हणजे पैसा. आणि कासव पडलं फुप्फुसाने श्वास घेणारं, आधीच पाण्याखाली अडकून दमलेलं, त्यात अर्धा तास आपली ओढाताण. ह्यावेळी मात्र बाबाच ओरडले, "काप रे, बघतंस काय! आणि मोबाईल काढ!"

मोबाईल का, तर सोडतानाचा फोटो नाहीतर व्हिडिओ हा पुरावा लागतो. पण सुरी माझ्या हातात, कासव बाबांनी धरलेलं, मग मोबाईल काकाकडे. काकाने आयुष्यात पहिल्यांदा व्हिडिओ काढला आणि त्यात चाळीस सेकंद फक्त त्याचा अंगठा आहे, मागे मी ओरडतोय.

कापून आत घेतलं तर कासव हलेना. डोळे मिटलेले, मान लोंबलेली. बाबांनी हात जोडले, "मेला ता." काका त्याला उताणं करून पोट दाबायला निघाला होता, मी अडवलं कारण एका ट्रेनिंगला गेलो होतो तिथे नेमकं हेच सांगितलेलं, की मेलेलं दिसतं ते कधीकधी बेशुद्ध असतं, लगेच पाण्यात टाकलं तर खरंच बुडून मरतं. पालथंच ठेवायचं, मागची बाजू वीतभर उंच करायची म्हणजे आत गेलेलं पाणी निघतं, अंग ओलं ठेवायचं, सावली करायची, आणि वाट बघायची, अगदी 24 तासांपर्यंत. आम्ही मागून मासळीचा क्रेट घातला, ओली गोणी पाठीवर टाकली, तोंड मोकळं ठेवलं आणि उरलेलं जाळं ओढत बसलो.

दोनेक तासांनी मागून मोठ्ठा सुस्कारा आला, कोणीतरी म्हातारं माणूस दमून बसल्यासारखा. काका दचकलाच! मग इंजिन न्यूट्रलला, जाळं सगळं आत आहे बघून मागच्या बाजूने अलगद सोडलं. हा व्हिडिओ मी स्वतः काढला, त्यात होडीचा नंबर आणि कासवाच्या परावरचे दोऱ्याचे वळ दोन्ही दिसतायत. भरपाईचा अर्ज टिकला तो ह्याच व्हिडिओमुळे.

पुढचा उशीर आमच्याच कर्माने. होडीचे कागद आजोच्या नावावर, आजो जाऊन तीन वर्षं झालेली, नाव बदलायचं उद्या-उद्या करत राहिलेलं. चार महिन्यातले तीन त्यात गेले. तुमचं लायसन आणि बँक खातं एकाच माणसाच्या नावावर आहे का ते आजच बघा. दुसरं, कापलेल्या जाळ्याचा फोटो मागितला आणि बाबांनी तोपर्यंत जाळं सांधून पुन्हा समुद्रात घातलेलं. कापलेला तुकडा कुठाय म्हणून घरभर शोधलं तर काकूने परसात दुधीच्या मांडवाला बांधलेला! फोटोत मागे दोन दुधी आहेत, तसाच जोडला, चालला.

खात्यात साडेअकरा हजार आले. बाबांचा प्रश्न मात्र तोच, जाळ्याचे दिले, त्या दिवसाची मासळी गेली तिचे कोण देतलो? त्याला माझ्याकडे उत्तर नाही, भरपाई फक्त जाळ्याची आहे.

ट्रॉलरवाला मित्र विचारत होता आम्ही काय करू. त्यांचं वेगळं, ते तासन्‌तास जाळं ओढतात, वर येईपर्यंत उशीर झालेला असतो, मग कापून उपयोग नसतो. त्यांच्यासाठी टेड असतं, जाळ्याच्या गळ्यात तिरकी लोखंडी जाळी, कोळंबी गजांमधून मागे जाते आणि कासव गजावर आपटून झडपेतून बाहेर. अमेरिकेने आपली समुद्रातली कोळंबी घेणं थांबवलं ते ह्या टेडवरूनच. मासळी पण निसटते म्हणून लोक लावत नाहीत, तो वाद मोठा आहे, पुन्हा कधीतरी.

आता होडीत सुरीच्या शेजारीच प्लास्टिकच्या पिशवीत एक जुना मोबाईल असतो, चार्ज केलेला. काका निघण्याआधी दरवेळी विचारतो, "अंगठो खंय ठेवूचो?"