तुम्ही विचारलंत म्हणून: कंसातले ते आकडे

"डेसिमल(१०,२) म्हणजे पॉइंटच्या आधी दहा अंक आणि नंतर दोन ना?" डेटाबेस शिकणारे हे मला सतत विचारतात. (डेसिमल हा कॉलमचा, म्हणजे टेबलातल्या रकान्याचा, दशांश आकडे अचूक ठेवणारा प्रकार.)

नाही. दहा हे एकूण अंक, पॉइंटनंतरचे दोन त्यातलेच. आधी उरले आठ. म्हणजे सगळ्यात मोठी रक्कम ९,९९,९९,९९९.९९. दहा कोटी मावतच नाहीत, आणि मुंबईत जागेच्या व्यवहारात दहा कोटी हा काही नवलाचा आकडा नाही. (१४,२) द्या. जागा वाचवायला अंक कापू नका: एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये १० पासून १९ अंकांपर्यंत सारखेच ९ बाइट लागतात.

दुसरा आकडा जास्त घात करतो. डावीकडचे अंक मावले नाहीत तर डेटाबेस सहसा एरर देतो, आपल्याला कळतं. उजवीकडचे मावले नाहीत तर तो गुपचूप राउंड करतो. झवेरी बाजारातल्या बिलात वजन मिलिग्रॅमपर्यंत लिहायचंय, आणि कॉलम आहे (८,२). १२.३४५ ग्रॅमचे १२.३५ झाले. ग्रॅमला ९,००० रुपये भाव धरला तर एका दागिन्यात ४५ रुपयांचा फरक, आणि लॉगमध्ये एररचं नाव नाही. वजनाला (८,३) हवं. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये नुसतं डेसिमल लिहिलंत तर ते (१०,०) धरतं. मग रुपयांच्या पुढचे पैसे गेलेच.

पैशाला फ्लोट, म्हणजे आकडा अंदाजे साठवणारा प्रकार, तर नकोच. चार बाइटच्या फ्लोटमध्ये १,६७,७७,२१७ रुपये भरा, साठतील १,६७,७७,२१६. दादरच्या एका फ्लॅटच्या किमतीतच रुपया गळला! काहीजण रक्कम पैशांत करून इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकाच्या प्रकारात, ठेवतात. पद्धत चांगली आहे, पण साध्या इंटची मर्यादा २१४,७४,८३,६४७ पैसे, म्हणजे सव्वादोन कोटी रुपयेसुद्धा नाहीत. तिथे त्याचा मोठा भाऊ बिगइंटच हवा. मायएसक्यूएलच्या इंट(११) मधल्या अकराचा या मर्यादेशी संबंध नाही, ती फक्त दाखवण्याची रुंदी. ९ ने सुरू होणारा मोबाइल नंबर त्यात बसत नाही तो याचमुळे. मोबाइल नंबरची बेरीज कोणी करत नाही, तो व्हारचारमध्येच, म्हणजे मजकुराच्या प्रकारात, ठेवा.

आता व्हारचारचा कंस, मराठी नावांसाठी सगळ्यात महत्त्वाचा. "ज्योत्स्ना" म्हणताना दोन अक्षरं. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या यादीत, मोजा: ज, हलन्त, य, ओकार, त, हलन्त, स, हलन्त, न, काना. दहा. यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट, एकूण ३०. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस हे डेटाबेस कंसातला आकडा ही चिन्हं मोजून धरतात, म्हणून व्हारचार(१०) मध्ये नाव काठोकाठ बसतं. ओरॅकल मुळात बाइट मोजतो, तिथे व्हारचार२(१०) मध्ये "ज्य" नंतर जागाच संपते, ओकारसुद्धा बसत नाही. कंसात १० च्या पुढे इंग्रजीत CHAR, म्हणजे कॅरेक्टर, असं लिहावं लागतं. नावाच्या कॉलमला पन्नास-साठ द्या आणि चाचणीला "राम" नको, "ज्योत्स्ना" भरून बघा.