पुन्हा त्याच स्क्रीनसमोर

"दिवसभर कॉम्प्युटरवर असता आणि जेवण झाल्यावर परत तेच? तेही फुकटचं काम?" हे मला घरचे विचारतात, प्रेसवाले विचारतात, पत्रिकेचं प्रूफ बघायला आलेली गिऱ्हाइकं शेजारी उघडी राहिलेली फाइल बघून विचारतात. मी सांगलीत ग्राफिक डिझाइनची कामं करते आणि रात्री डिजिटल स्क्रॅपबुक करते. म्हणजे फोटो, तिकिटं, कात्रणं, चिठ्ठ्या स्कॅन करायच्या आणि त्यांची एकेक पानं लावायची. याचा जोडप्रश्नही ठरलेला आहे: "आणि कानात सारखं काय लावलेलं असतं?" आजवर हसून वेळ मारून नेली. आता तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

आधी दिवसाचं, कारण रात्रीचं त्यातूनच निघालंय. श्रावण संपत आला की मंडळांचे फ्लेक्स, तुळशीचं लग्न लागलं की पत्रिका, उन्हाळ्यात क्लासेसची पत्रकं, आणि बारा महिने कुणाचा ना कुणाचा वाढदिवस. मधेमधे हळदीची पाकिटं, बेदाण्याचे बॉक्स. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून ती गोष्ट पाकिटावर ठळक हवी असते. हळदीचं पाकीट हे मला सगळ्यात अवघड काम वाटतं. स्क्रीनवरचा पिवळा छपाईच्या चार शाईंत तसाच उतरत नाही. पिवळ्यात थोडासा सायन, म्हणजे निळसर शाई, घुसला की हळद हिरवट दिसते, मॅजेंटा, म्हणजे गुलाबीसर शाई, जास्त झाला की तिखटाकडे झुकते. मग व्यापारी मूठभर खरी हळद टेबलावर ओततात आणि म्हणतात, "ताई, हे बघा, असा पाहिजे." त्यांचं बरोबर असतं. कीबोर्ड मात्र पुढे आठवडाभर पिवळा.

पत्रिकेत वेगळीच गंमत. "आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!" या ओळीखाली चिमुकल्यांची नावं लहान पडली म्हणून रुसवे झालेले मी पाहिलेत. "जरा मोठं करा की" हे वाक्य मी झोपेतही ओळखीन. सगळ्यांचीच नावं मोठी करायची म्हटल्यावर शेवटी लहान होतो तो गणपती.

पण या कामाचा खरा मोठा भाग आहे तो काढून टाकण्याचा. नवरीच्या मागचा लाल सिलिंडर काढा, प्लास्टिकच्या खुर्च्या काढा, भिंतीवरचं कॅलेंडर काढा, जमलं तर भिंतच काढा आणि तिथे राजवाडा टाका. श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी बहुतेक वेळा गेलेल्या माणसाचा एकट्याचा असा फोटोच नसतो. कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो येतो, त्यातून चेहरा कापून घ्यायचा. खांद्यावर दुसऱ्या कुणाचा तरी हात असतो. तो मी पुसते, सदऱ्याची घडी पुन्हा रंगवते, कडा मऊ करते. काम सफाईदार झालं की नातेवाईक म्हणतात, "आता कसं, एकदम स्टुडिओत काढल्यासारखं वाटतंय." मी मान डोलावते. बिल करते. आणि तो पुसलेला हात दिवसभर डोक्यात राहतो. कुणाचा होता?

माझं उत्तर खरं तर एवढंच आहे. दिवसा जे काढून टाकण्याचे मी पैसे घेते, ते रात्री ठेवता येतं. फोटोतल्या माणसांपेक्षा फोटोच्या कडांना काय पडलंय हे मला जास्त बघावंसं वाटतं. आमच्या घरचा एक फोटो आहे. त्यात मावशी स्वयंपाकघरात पोळ्या लाटतेय. साल कुणालाच आठवत नव्हतं. मागच्या भिंतीवर कालनिर्णय होतं. फोटो ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन केला, तो चौकोन मोठा केला, तेव्हा महिना वाचता आला आणि एक तारीख कोणत्या वारी येते तेही दिसलं. तेवढ्यावरून साल नक्की होत नाही, कारण काही वर्षांनी वार पुन्हा जुळतात. पण सण कोणत्या तारखांना छापलेत ते बघितलं की बाकीची वर्षं गळतात. दिवसा हेच कॅलेंडर मी क्लोन स्टॅम्पने, म्हणजे शेजारचा भाग उचलून वर छापणाऱ्या टूलने, भिंतीत मिसळून टाकलं असतं.

कॅलेंडरवरून आठवलं. आमच्या आजीने जुनी कॅलेंडरं कधी रद्दीत जाऊ दिली नाहीत. तारखांच्या चौकोनात दुधाचा हिशोब, "गॅस लावला", "भांडी नाही", "अण्णा आले". अण्णा गेले ते कुठेच लिहिलेलं नाही, आले तेवढं मात्र दर वेळी. ही पानं म्हणजे माझ्या वहीचा, म्हणजे या स्क्रॅपबुकचा, कणा. स्कॅन केलेला पेनचा मजकूर वरच्या लेयरवर घेऊन 'मल्टिप्लाय' केला की कागदाचा पांढरा रंग निघून जातो आणि अक्षर खालच्या कागदावर लिहिल्यासारखं उतरतं. त्यामुळे आजीचं "गॅस लावला" मला मावशीच्या पोळ्यांच्या फोटोखाली ठेवता आलं. ग्राहकाच्या कामात हे चालत नाही. त्यांना सुवाच्य फॉन्ट हवा.

पानं सजवायच्या तयार चित्रांची स्क्रॅपबुक किट विकत मिळतात, फुकटही मिळतात. मी सुरुवातीला ती वापरली. त्यांत मेपलची पानं, बर्फाचे कण, वळणदार इंग्रजीत आशीर्वाद. सांगलीत बर्फ फक्त गोळेवाल्याकडे. मग स्वतःचंच किट जमवायला लागले: खणाच्या ब्लाउजपीसचा स्कॅन, इरकलीचा काठ, हळदीच्या पोत्याची वीण, भडंगाच्या पिशवीवरची छपाई, आणि कंडक्टर पत्र्याच्या पेटीतून काढून पंच करून द्यायचे ती एसटीची रंगीत तिकिटं. ती तिकिटं आत्याने पुस्तकांत खुणेसाठी घातली होती म्हणून वाचली.

पानाचा आकार मी बारा बाय बारा इंच धरते. कागदी स्क्रॅपबुकवाल्यांचा हा जुना आकार आहे. ३०० डीपीआयला तो ३६०० गुणिले ३६०० पिक्सेल होतो. यातला एक स्थानिक फायदा सांगते. आपल्याकडे लग्नाचे करिझ्मा अल्बम ज्या लॅबमध्ये होतात, तिथे बारा बाय छत्तीसचा शीट सर्रास छापतात. त्यात माझी तीन पानं शेजारी शेजारी बसतात. कटरने कापली की झालं. लॅबवाल्याला पहिल्यांदा वाटलं होतं की मी कुठलं तरी विचित्र लग्न घेऊन आलेय.

बाकी तंत्र फार नाही. एकच गोष्ट पान जिवंत करते किंवा मारते, ती म्हणजे सावली. कागदाची सावली पातळ, बटणाची जाड, दोऱ्याची जेमतेम, आणि सगळ्यांची एकाच दिशेला. नवशिक्यांच्या पानात प्रत्येक वस्तू जमिनीपासून वीतभर वर तरंगत असते. आणि मजकूर. पत्रिकेचा मजकूर मी प्रेसला देताना कर्व्ह करून देते, म्हणजे अक्षरांची चित्रं होतात आणि फॉन्ट नसला तरी काही हलत नाही. वहीचा मजकूर कधीच कर्व्ह करत नाही. तो युनिकोडमध्येच ठेवते. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमधल्या माझ्या सुरुवातीच्या फाइली आज तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडल्या तर नुसती चिन्हांची खिचडी दिसते. वहीत "मावशी" असं शोधलं तर मावशी सापडली पाहिजे.

आता कानातलं.

मजकूर लावताना शब्द असलेलं गाणं मी लावत नाही. "चि. सौ. कां." टाइप करायचं आणि कानात दुसरेच शब्द, हे जमत नाही. तेव्हा सतार किंवा नुसता आलाप. कटिंग, मास्किंग, डाग काढणं अशी डोळ्यांची आणि मनगटाची कामं असतात तेव्हा नाट्यसंगीत खुशाल चालतं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' हे नाटक केलं ते या गावात, आणि बालगंधर्व जन्मले ते जिल्ह्यातल्याच नागठाण्यात, तेव्हा नाट्यसंगीत आमच्याकडे आवड म्हणून वेगळं शिकावं लागत नाही. आमच्या लहानपणी ते शेजारच्या रेडिओवरून घरात यायचंच.

रात्री मात्र मी जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकते. गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ मध्ये गेल्यावर तिथेच मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांचं दफन झालं, आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ अजून गाणं होतं. त्यांच्या काळातल्या ७८ आरपीएमच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. एरवी तासभर मांडायचा राग तेवढ्यात. त्यावर सुईची खरखर. ती साफ करून, गुळगुळीत करून टाकलेल्या आवृत्त्याही ऐकायला मिळतात. मला त्या नको असतात. खरखर काढताना तंबोऱ्याच्या वरच्या स्वरांचाही थोडा भाग निघून जातो. हे मी कानाने सांगतेय, पण फोटोतला ग्रेन, म्हणजे बारीक रवाळपणा, काढताना पापण्याही जातात हे रोज डोळ्यांनी बघते, म्हणून पटतं.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मी अधूनमधून जाते. काम नसतं, उगाच. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले, तेव्हापासून हा धंदा तिथे आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळे पंढरपूर भागातून येतात. जवारी लावताना, म्हणजे तारेला गुंजणारा आवाज यावा म्हणून ती जिच्यावर टेकते ती घोडी घासताना, कारागीर घोडीवरून कानस जरा फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, परत जरा फिरवतो. बाहेरच्याला दोन्ही वेळचा आवाज सारखाच वाटतो. मी सावलीची अपारदर्शकता पस्तीसवरून बत्तीसवर आणते, मग चौतीसवर, तेव्हा मागून बघणाऱ्या घरच्यांनाही अगदी तसंच वाटत असणार. त्या दुकानात कुणी मला "कंटाळा येत नाही का" असं विचारलेलं नाही.

मोबाइलवरचा तंबोरा लावून काम करणारे मित्र आहेत. मला ते झेपत नाही. तो संपतच नाही, मग आपणही उठत नाही. ख्याल संपला की पाणी प्यायचं, मान फिरवायची. माझं घड्याळ तेच.

एवढं ऐकून तुम्हाला वाटेल की मला सगळंच जपायचं आहे. तसं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात, मारुती चौकात, हरभट रोडला घुसलं. पाणी ओसरल्यावर लोकांनी अल्बम आणले. प्लास्टिकच्या पानांना चिकटलेले फोटो. फोटोवरचा जिलेटिनचा थर पाण्याने फुगतो. तो तसाच वाळला की प्लास्टिकला धरून बसतो, आणि ओढलं की चेहराच प्लास्टिकबरोबर येतो. असे फोटो ओढायचे नाहीत. स्वच्छ गार पाण्यात पुन्हा भिजवायचे, सुटतील तेवढेच सोडवायचे, सावलीत चित्राची बाजू वर ठेवून वाळवायचे, उन्हात नाही. जे सुटत नाहीत ते प्लास्टिकसकट तसेच स्कॅन करायचे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो बऱ्यापैकी तगले. रंगीत फोटो गेले, आणि घरच्या इंकजेटवर छापलेले तर नुसते वाहून गेले.

त्या फोटोंवरचा चिखल मी पूर्णपणे काढला. डाग, रेघा, पाण्याच्या खुणा, सगळं. स्क्रॅपबुकच्या किटमध्ये मुद्दाम केलेले चहाचे डाग आणि फाटक्या कडा मिळतात, आणि एका ओळखीच्या बाईंनी मला सुचवलंही होतं की पुराचं टेक्स्चर ठेवा, छान वाटतं. चिखलाचं टेक्स्चर छान वाटणाऱ्याच्या स्वयंपाकघरात कधी नदी आलेली नसते. मागचा सिलिंडर, खुर्च्या, खांद्यावरचा हात हे त्या माणसांच्या घरातलं होतं. चिखल त्यांचा नव्हता.

राहता राहिला फुकटच्या कामाचा मुद्दा. ऑर्डर घेत का नाही, असं बरेच जण सुचवतात. क्वचित घेते, पण अट घालते: फोटो नुसते देऊन जायचं नाही, घरातलं सगळ्यात जास्त बोलणारं माणूस बरोबर आणायचं आणि तासभर बसवायचं. मी विचारते ते फोटोत कोण आहे हे नाही, मागे काय आहे हे. तिथून गाडी सुटली की माणसं थांबत नाहीत. एक काका मागच्या सायकलवर इतके बोलले की नवरा-नवरीची नावं शेवटी मलाच विचारावी लागली.

दुसरी अट साधी आहे. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, त्याचं वजन उतरून येतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर पेन ड्राइव्ह घेऊन या. आणि आधी कापून, सरळ करून, फिल्टर मारून अजिबात पाठवू नका. तुम्ही कापलेलं मला परत आणता येत नाही.